कुशाटांचं शेवटचं पान

गच्चीवर बिबड्या वाळत पडल्या की मला अजूनही वाटतं, लाल शाईची दौत शोधायला हवी. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली. पिंप्राळ्याच्या आमच्या घरासमोर आता रांगेनं इमारती उभ्या आहेत आणि एप्रिल लागला की त्यांच्या गच्च्यांवर कुणी ना कुणी बाई जुन्या लुगड्यावर ज्वारीचा शिजवलेला घाटा थापत बसलेली दिसते. उन्हात तो वाळताना एक आंबूस, ऊबदार वास सुटतो. त्या वासाला माझ्या मनात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा वास चिकटलेला आहे, कारण धुळ्यात मी मास्तरीण होते तेव्हा दोन्ही वास एकाच खोलीत, एकाच महिन्यात असायचे. परीक्षांचे दिवस आले की बाकीच्यांना शाळा आठवते, मैत्रिणी आठवतात. मला अमेरिकेतल्या दोन जमाती आठवतात. अलाबामा आणि कुशाटा. आणि त्यांच्याबरोबर जमना गावित.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास-मराठी शिकवत होते आणि पाचव्या गल्लीत अक्कांकडे भाड्यानं राहत होते. अक्का म्हणजे घरमालकीण. एकट्या, विधवा, मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या. त्यांनी माडीवरची खोली दोघींना मिळून दिली होती. दुसरी जमना. नवापूरकडची, तापीकाठच्या एका भिलवस्तीतली. त्या काळी तिच्या गावातून शिकून बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी आदिवासी मुलींच्या वसतिगृहात जाऊन त्यांचा अभ्यास घ्यायची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती, म्हणून मला कमलताई म्हणायची.

धुळ्याचं ऊन सकाळी नवालाच भिंतीतून आत यायचं. खिडकीला आम्ही पोतं ओलं करून बांधायचो, ते अर्ध्या तासात खडखडीत व्हायचं. खाली पांझरेचं पात्र कोरडं पडलेलं असे आणि वाळूत टरबुजांचे वेल पसरलेले. जमना गावाहून येताना वाळवलेली मोहाची फुलं आणायची. ती भाजून, तिळात कुटून त्याचे लाडू करायची. पहिल्यांदा खाताना मी तोंड वाकडं केलं होतं. दुसऱ्या वर्षी मीच विचारलं, “अजून आणली नाहीस का?”

त्याच सुमारास नाना शाळेत आले.

नाना माझे कॉलेजातले प्राध्यापक. इतिहास शिकवायचे. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी हे लिहायला हवं की ते नसते तर मी शिकलेच नसते. माझ्या वडिलांनी मॅट्रिकनंतर माझं शिक्षण थांबवलं होतं. नाना तेव्हा जळगावला एका व्याख्यानाला आले होते. कुणीतरी त्यांना माझे निबंध दाखवले, आणि हा माणूस टांगा करून पिंप्राळ्याला आमच्या घरी आला. ओसरीवर बसून वडिलांना म्हणाला, “ही मुलगी मला द्या. मी हिला लिहिती करतो.” वडील त्यांच्या पांढऱ्या टोपीला आणि शांत आवाजाला नाही म्हणू शकले नाहीत. त्या एका दुपारीवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. म्हणून नाना शाळेच्या फाटकाशी उभे दिसले, तेव्हा मी वर्ग सोडून धावत गेले.

त्यांच्या हातात एक इंग्रजी पुस्तक होतं. “पुण्याचे प्रकाशक मुलांसाठी एक माला काढताहेत,” ते म्हणाले. “जगातल्या मूळ रहिवाशांची. एक पुस्तक आपल्याकडे आलंय. तू मराठी कर. तुझी भाषा मला माहीत आहे. कोरडी नाही होणार.”

“मी, नाना?”

“मग काय मी? माझं मराठी म्हणजे परीक्षेचा पेपर. तू कर, नाव होईल तुझं.”

नाव होईल तुझं. हे शब्द त्यांनी म्हटले होते. मी पुढं अनेक वर्षं मनाशी तपासून पाहिलं, की मला हवे म्हणून मी ते ऐकले का? नाही. ते म्हणाले होते. फाटकाशी कडुनिंबाचा फुलोरा त्यांच्या टोपीवर पडला होता आणि तो झटकत ते म्हणाले होते.

अलाबामा हे मला तोवर फक्त नकाशातल्या एका राज्याचं नाव म्हणून माहीत होतं. ते माणसांचं नाव आहे, हे त्या पुस्तकात कळलं. ही माणसं आधी एका नदीच्या काठी राहत होती, तिला त्यांचं नाव पडलं, मग त्या नदीच्या प्रदेशाला पडलं, आणि प्रदेशाचं राज्य होईपर्यंत ती माणसं तिथून निघाली होती. मी हे जमनाला सांगितलं तेव्हा ती पाटीवरची अक्षरं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे नाव ठेवून घेतलं आणि माणसं काढली.”

मी ते वाक्य वहीच्या समासात लिहून ठेवलं.

पहाटे उठून शाळेआधी दोन तास आणि दुपारी पेपर तपासून झाले की तास-दीड तास, असं मी काम करायची. कूसा आणि टॅलापूसा अशा दोन नद्या मिळतात, तिथं त्यांची गावं होती. मका, घेवडा आणि भोपळा ते एकाच शेतात लावायचे. नदीकाठच्या वेताच्या टोपल्या विणायचे. मला वेताचं ते बेट डोळ्यांसमोर येईना. पाणथळ दाट जंगलाच्या इंग्रजी शब्दासाठी लिहिलेला मराठी शब्द मी तीनदा खोडला. जमना म्हणाली, “डांग म्हणा ना. आमच्याकडे म्हणतात. झाडी इतकी की दुपारी आत शिरलं तर संध्याकाळ वाटते.” मग ‘मोठं डांग’ असंच मी लिहिलं. पुढं टेक्सासमध्ये ज्या अरण्यात ते जाऊन राहिले त्याचं ते मराठी नाव झालं.

अक्का खाली बिबड्या उलटत असायच्या. वर येऊन कंबरेवर हात ठेवून विचारायच्या, “काय व पोरी, येवढं काय लिखी ऱ्हायनी?”

“अमेरिकेतल्या लोकांचं, अक्का. कुशाटा नावाचे.”

“कोष्टी?”

जमना आणि मी पोट धरून हसलो. वसतिगृहातल्या मुलींनाही ते कळलं आणि मग सगळ्याजणी त्यांना कोष्टीच म्हणायला लागल्या. मी दुरुस्त करत राहिले. पण खरं सांगायचं तर, त्या एका चुकीनं ते लोक आमच्या गल्लीत येऊन बसले.

मी जे लिहायची ते जमना संध्याकाळी वसतिगृहात मुलींना वाचून दाखवायची. आधी मराठीत, मग तिच्या भाषेत. मी कधी कधी बरोबर जायची. दहा-बारा मुली, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. त्यांना सगळ्यात आवडली ती जन्माची गोष्ट. अलाबामा आणि कुशाटा जमिनीच्या पोटातून वर आले. वर येण्याच्या वाटेवर एक मोठं झाड होतं, त्याचं मूळ आडवं आलं होतं. काहीजण मुळाच्या या अंगानं बाहेर पडले, काही त्या अंगानं. म्हणून दोघांची भाषा थोडी वेगळी, पण बोललं तर एकमेकांना कळते. बाहेर आल्यावर घुबड ओरडलं, त्याला भिऊन पुष्कळ लोक आतच राहिले. म्हणून हे लोक थोडे.

एक मुलगी म्हणाली, “मग अजून आत आहेत ते?”

जमना म्हणाली, “असतील. तू हाक मार.”

पुस्तकाचा मधला भाग मला फार जड गेला. आधी घोड्यांवरून शिपाई आले. मग फ्रेंच आले, त्यांनी किल्ला बांधला आणि मैत्री केली. ते फ्रेंच दुसऱ्या गोऱ्यांशी हरले आणि निघून गेले. मित्र गेले, राहिले ते मित्र नव्हते. तेव्हा या लोकांपैकी कितीतरी कुटुंबांनी मक्याचं बियाणं बांधून घेतलं आणि मावळतीकडे चालायला लागली. एका पिढीत नाही. चालायचं, काही वर्षं राहायचं, परत उठायचं. मोठी नदी ओलांडून शेवटी टेक्सासच्या त्या डांगात आले. तिथं त्यांनी झाडीतून इतक्या बारीक वाटा पाडल्या की बाहेरच्याला त्या दिसत नसत.

आणि मग ती पुराची हकिगत. टेक्सासच्या गोऱ्या वसाहतवाल्यांचं मेक्सिकोशी युद्ध जुंपलं. मेक्सिकोचं सैन्य येतंय म्हणताना त्यांची बायकामुलं घरंदारं टाकून पळत सुटली. वाटेत ट्रिनिटी नदीला पूर. कुशाटांनी त्या अनोळखी बायकामुलांना जेवू घातलं आणि नदीपार नेलं.

हे मी जमनाला एका दुपारी वाचून दाखवलं. ती टोपलीतली चिंच सोलत होती.

“होड्या कोणाच्या होत्या?” तिनं विचारलं.

“त्यांच्याच.”

“आणि जेवण?”

“त्यांचंच.”

“मग युद्ध कोण जिंकलं?”

“पळत होते तेच जिंकले. त्यांचं राज्य झालं. त्यांनी या लोकांना जमीन द्यायचं कागदावर लिहिलं. मोजणी होईस्तोवर त्यात दुसऱ्यांनी कुंपणं घातली होती.”

जमनानं हातातली चिंच टोपलीत टाकली. मग म्हणाली, “आमच्याकडे मोजणीवाले आले होते ना, धरणासाठी, तेव्हा माझ्या आईनं कोंबडी कापली होती. पाहुणे म्हणून.”

मला तोवर ठाऊकच नव्हतं. एका खोलीत दोन वर्षं राहत होतो आम्ही. तिचं गाव पाण्याखाली जाणार होतं, मोजणी होऊन दगड रोवले गेले होते, आणि हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, “कुठं जाणार तुम्ही?” ती म्हणाली, “सांगतील.”

त्यानंतर ती पुस्तकाचा शेवट विचारायला लागली. रोज. “पुढं काय झालं त्यांचं?” मी म्हणायची, अजून तिथवर पोचले नाही. एके दिवशी तिनं माझ्या हातातलं इंग्रजी पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं, बोट ठेवून अक्षर अक्षर लावत बसली, आणि थकून म्हणाली, “एवढंच सांगा. आहेत का?”

“आहेत,” मी म्हटलं.

आणि वाचून दाखवलं. पुढं अलाबामांना थोडी जमीन मिळाली. कुशाटांना मिळणार होती ती मिळाली नाही. तेव्हा अलाबामांनी त्यांना आपल्या जमिनीवर बोलावून घेतलं. दोघं एका जागी राहिले. अलीकडं तिथल्या केंद्र सरकारनं त्यांच्यावरचा हात काढून घेतला आणि त्यांना राज्याच्या हवाली केलं, तेही त्यांनी सोसलं. आजही ते त्या उंच पाइनच्या झाडीत आहेत. शंभरांतच मोजावे इतके, पण आहेत. त्यांची मुलं सकाळी इंग्रजी शाळेत जातात आणि घरी आल्यावर आजीशी आपल्या भाषेत बोलतात.

“जागेवरून हलले तरी आहेत,” जमना म्हणाली.

“हो.”

“भाषा पण आहे?”

“आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. त्या दिवशी तिनं भाकऱ्या थापताना गाणं म्हटलं. तिचं गाणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मुलींनी शेवटचं पान पाठ केलं होतं. पाठ करा असं कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. ‘आजही ते तिथेच आहेत’ हे वाक्य त्या अंगणात फुगडी घालतानाही म्हणायच्या.

मी हस्तलिखित नानांकडे दिलं. त्यांनी ते छातीशी धरलं आणि म्हणाले, “कमल, तू माझं सोनं केलंस.” मी त्यांच्या पाया पडले.

पुस्तक छापून यायला वर्ष लागलं. पुन्हा परीक्षा, पुन्हा तेच ऊन. कॉलेजच्या सभागृहात संध्याकाळी पाचला समारंभ ठेवला होता. जमनानं वसतिगृहातल्या सहा मुली आणल्या होत्या, मागच्या बाकावर बसवल्या होत्या. सगळ्यांच्या केसांत अबोली. अक्काही आल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, “हाई आमनी कमलनं पुस्तक शे,” असं शेजारच्या बाईला सांगत.

पुस्तक मला मंचावरच मिळालं. मुखपृष्ठावर नानांचं नाव होतं. लेखक म्हणून. मला वाटलं, आत असेल. मी आतलं पान उलटलं. तिथंही त्यांचंच. मग प्रस्तावना. प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ होती: ‘हस्तलिखिताच्या स्वच्छ प्रती करण्याच्या कामी माझ्या एका विद्यार्थिनीचे साहाय्य झाले.’

विद्यार्थिनीलाही नाव नव्हतं.

पाहुण्यांचं भाषण मला ऐकू आलं नाही. मग नानांचा आवाज आला, तोच शांत, ओसरीवरचा. “आता आमची कमल शेवटचं पान वाचून दाखवेल. तिचा आवाज फार गोड आहे.”

मी उठले. मला अजून वाटत होतं की वाचलं तर बरं वाटेल, शब्द तर माझेच आहेत. पुढच्या रांगेत प्राचार्य, वकील, व्यापारी, त्यांच्या बायका. मी वाचायला लागले. डांग होतं. अलाबामांनी बोलावून घेतलेले कुशाटा होते. वाक्यं माझीच होती, एकेक ओळखीची. मग डोळा खाली गेला आणि शेवटचा परिच्छेद दिसला. तो माझा नव्हता.

वाचणाऱ्याचा डोळा आवाजाच्या पुढं चालतो, हे मुलांना वाचन शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मला ते वाक्य तोंडात येण्याच्या आधी दिसलं होतं. थांबायला वेळ होता. एक श्वास होता, कदाचित दोन. मी थांबले नाही. मी वाचलं:

‘अशा रीतीने ही भोळी, निष्पाप जमात काळाच्या पडद्याआड कायमची नाहीशी झाली. आज त्या अरण्यात केवळ वारा त्यांची आठवण काढतो.’

माझा आवाज ‘वारा’ या शब्दावर कापला. लोकांना ते फार भावलं. टाळ्या पडल्या. प्राचार्यांच्या पत्नींनी डोळे टिपले.

टाळ्यांमधून मी मागं बघितलं. जमना उभी राहिली होती. मुलींपैकी एक तिचा हात ओढून काहीतरी विचारत होती. जमना माझ्याकडे बघत होती, रागानं नाही. एखादी ओळखीची बाई चुकून दुसरीच निघाली, तसं. मग तिनं मुलींना रांगेत उभं केलं आणि बाहेर नेलं.

मी खोलीवर आले तेव्हा उजेड होता अजून. जमना पेटी भरत होती.

“जमना, ते मी लिहिलेलं नाही. तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे.”

“नानांनी बदललं. माझं नाव पण काढून टाकलं. बघ तू, कुठंच नाही—”

“नाव.” ती थांबली. हातातलं लुगडं तिनं घडी न घालताच पेटीत टाकलं. “कमलताई, पोरी मला विचारतात, मेले का ते? मी वर्षभर त्यांना सांगितलं, आहेत. आज तुम्ही सांगितलं, मेले. तुमच्या तोंडानं.”

“पुस्तकात तसं छापलं होतं, मी काय—”

“तुम्हाला तर खरं माहीत होतं.”

याचं उत्तर आज इतक्या वर्षांनंतरही मी कधी कधी शोधत बसते. माझ्यावर अन्याय झाला होता, तो खरा होता, आणि त्या अन्यायानं मी इतकी भरून गेले होते की माझ्या हातून दुसऱ्या कुणाचं काय होतंय हे मला दिसलं नाही. ती बोलत असतानाही माझ्या मनात मुखपृष्ठच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांकडे गेले. ते झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. मला बघून हसले, आत हाक मारून पन्हं मागवलं.

“नाना, शेवट का बदलला?”

“अगं, तुझा शेवट उत्तम होता. पण पुस्तकाला शेवट लागतो. ‘मुलं शाळेत जातात’ हा काय शेवट आहे? मुलांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं.”

“पण ते लोक आहेत, नाना.”

“असतील की.” त्यांनी पेपराची घडी केली. “आहेत की नाहीत, धुळ्याहून कोण बघायला जातंय?”

“आणि माझं नाव?”

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग फार मायेनं म्हणाले, “पहिलंच पुस्तक, अनोळखी बाईचं नाव, प्रकाशक तयार होत नव्हते. पुढच्या आवृत्तीला बघू. तू माझ्यावर रागावणार आहेस का, कमल?”

मला आठवतं, पन्ह्याचा पेला थंडगार होता आणि तो धरून उन्हातून आलेले माझे हात निवले. मी पन्हं प्यायले. नाही म्हटलं. मी रागावले नाही असं म्हटलं आणि घरी आले. तोवर जमना गेली होती. तिनं बदलीचा अर्ज आधीच दिलेला होता, हे शाळेतून कळलं. निघायची तारीख मात्र तिनं स्वतः अलीकडे आणली होती. अक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, “पोर रडनी नई. रडती ते बरं व्हतं.”

पुढं मी जे केलं ते सांगते, फार नाही. मी प्रकाशकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात त्या पुस्तकाच्या प्रती आल्या, तेव्हा मी परीक्षेच्या लाल शाईनं प्रत्येकीतलं शेवटचं वाक्य खोडलं आणि खाली माझं लिहिलं. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं, पुस्तकं खराब करते म्हणून. दुसरी आवृत्ती निघाली. त्यात मुखपृष्ठाचा रंग बदलला होता. नाना वारले तेव्हा शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी बोलले. टांगा करून पिंप्राळ्याला आलेल्या माणसाविषयी बोलले, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तेच मला सगळ्यात जास्त खुपतं. ज्यानं फसवलं त्याचे उपकार खरे असले, की माणसाला धड द्वेषही करता येत नाही.

सत्तरचं दशक उजाडून काही वर्षं गेली होती, तेव्हा एकदा परीक्षा संपल्यावर मी नंदुरबारची एसटी धरली. जमना कुठं आहे ते शिक्षण खात्यातल्या एका ओळखीच्या कारकुनानं सांगितलं होतं. नंदुरबारहून दुसरी बस, मग चालत. तिचं जुनं गाव आता पाण्याखाली होतं. नवी वसाहत माळावर होती; सरळ रेषेत घरं, पत्र्याची छपरं, दारांवर आकडे. मोठं झाड एकही नाही, नुसती काटेरी फांद्या लावून जपलेली हातभर रोपं. शाळा म्हणजे एक खोली. जमना दारात उभी होती. केस थोडे पांढरे झाले होते, वय नसताना.

“या बाई,” ती म्हणाली. ताई नाही.

तिनं तांब्या भरून पाणी दिलं. मुलांची नावं विचारून मी वेळ काढला. मग पिशवीतून माझी वही काढली. पुस्तक पहिल्यांदा लिहिलं होतं ती. समासात तिची वाक्यं होती. “ही तुझ्याकडे असू दे,” मी म्हटलं.

तिनं वही चाळली. समासातलं काहीतरी तिला दिसलं, ती तिथं थांबली, पुढं गेली. मग म्हणाली, “वाचा ना. मुलं आहेत. तुम्ही वाचा, मी आमच्या भाषेत सांगते.”

मी खुर्ची नको म्हटलं आणि जमिनीवर बसले. एक वाक्य मी वाचायची, तेच ती सांगायची. कधी माझं वाक्य लांब आणि तिचं दोन शब्दांचं. कधी माझं छोटं आणि ती बोलतच राहायची, हात हलवत, धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवत, आणि मुलं माना हलवायची. तिथं ती काय भर घालत होती, मला कळत नव्हतं. विचारायचा हक्कही वाटला नाही. होड्यांची हकिगत आली तेव्हा मागं भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि सगळे हसले. ते हसू चांगलं नव्हतं.

मी शेवटचं पान वाचलं. माझं. आजही ते तिथेच आहेत. जमनानं ते सांगितलं. एका मुलीनं उभं राहून काहीतरी विचारलं. जमनानं उत्तर दिलं, आणि सगळी मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली.

“काय विचारलं तिनं?”

“विचारलं, या बाईनं त्यांना बघितलंय का.”

“मग तू काय सांगितलंस?”

“नाही म्हटलं.” जमनानं वही मिटली आणि फळीवर हजेरीपटाशेजारी ठेवली. “म्हटलं, बाईंनी त्यांना बघितलेलं नाही. मेले म्हणून सांगितलं होतं, तेव्हाही बघितलेलं नव्हतं.”

ती हे रागानं बोलली नाही. फळ्यावरची तारीख सांगावी तसं बोलली. मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, तिनं हात धरून मला उभं केलं. तिचा हात खरखरीत झाला होता.

बसच्या रस्त्यापर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली. आईबद्दल विचारलं तर म्हणाली, इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी गेली. अक्का कशा आहेत म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, बऱ्या आहेत, तुझी आठवण काढतात. धूळ उडवत बस आली. ती म्हणाली, “नीट जा.”

आमच्याकडे दारातून निघालेल्या माणसाला ‘पुन्हा या’ म्हणतात. भांडण असलं तरी म्हणतात. मी पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, “चला बाई, आत या.” मी तरी थोडी थांबले. जमना रस्त्याच्या कडेला उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून, माझ्याकडेच बघत. तिनं ते म्हटलं नाही.